सुपडू, ठळक

पुण्याहून एक जण विचारतो,
फॉन्ट सुरेख आहे, पत्रिकेवर खुलतो,
फक्त तो ळ जरा बारीक होईल का,
ओळीत मावत नाही.

सावद्याला स्टेशन रोडवर, खताच्या दुकानावर
आमचं डीटीपी. एक स्कॅनर, दोन खुर्च्या,
तिसरं माणूस आलं की मी उभी.
तिथं अठरा महिने
सुपडू पेंटरचं अक्षर गोळा करत होते,
लग्नसराईत रात्री, एरवी दुपारी,
लाइट असेल तसं.

अ मिळाला बंद गिरणीच्या शटरवर,
शटर अर्धं वर, म्हणून अर्धा अ,
उरलेला मालकानं कुलूप काढून दाखवला.
श्री मिळाला मरीमातेच्या ओट्यावर.
द मिळाला भंगारातल्या ट्रकच्या फाळक्यावर,
‘सावदा – दिल्ली’ मधला,
त्याचं पोट गंजानं खाल्लेलं.
ज्ञ कुठंच नव्हता. चाळीस वर्षांत
गावात कुणाला ज्ञ लागला नाही.
तो त्यांनी माझ्या वहीत काढून दिला,
पेनानं, नाखुशीनं.

चपट्या ब्रशचा हात.
शिरोरेघ डावीकडून चढते,
अक्षराच्या खांद्यावर टेकते
आणि जरा पुढं जाऊन थांबते,
बाजारात पुढं निघालेली बाई
मागच्यांसाठी थांबते तशी.
उकार घडाखालच्या केळफुलासारखा,
जड, जमिनीकडं बघणारा.
वेलांटीला घाई. ती नेहमी
पुढच्या दुकानाच्या पाटीत शिरू बघते.

मी कडेकडेनं बिंदू ठोकत गेले.
एका वळणाला चार पुरतात म्हणतात.
त्यांच्या ळला अकरा लागले.

आणि हे अक्षर त्यांनी जन्मात उच्चारलेलं नाही.
जयगाव. भुसावय. धुये. केयी.
पण ब्रश टेकला की
एक पोट भरलेलं, एक भरत आलेलं,
मध्ये गाठ, सुतळीला मारावी तशी,
एका दमात, मान न हलवता.

मी आपली एक गोष्ट रचली होती.
शाळेत मास्तरनं मारलं असेल,
‘केळी’ म्हण, ‘केळी’ म्हण,
जीभ वळली नाही म्हणून हात वळला असेल.
त्यांना सांगितली.
ते खूप हसले, मग खोकले.
‘तसं काही नही वं माय.
फायक्यावर जागा उरे,
ती भरा लागे.’

फॉन्ट झाला त्या दिवशी ते जिना चढून आले,
खुर्चीच्या कडेवर बसले, हात पँटला पुसून.
हात कोरडेच होते.
यादीत त्यांचं नाव दोनदा:
सुपडू, साधा. सुपडू, ठळक.
‘ठयक,’ त्यांनी वाचलं,
आणि नावापेक्षा त्या शब्दाकडं जास्त वेळ पाहिलं.

मग मी ओळ भरून लिहिलं
केळी केळी केळी केळी.
ते पुढं वाकले. चष्मा कपाळावर ढकलला.
‘हे काय, सगये जुये?’

पुन्हा दोन महिने.
आता आत तीन ळ आहेत, पाळीपाळीनं येतात.
पहिला ओला, काठोकाठ.
दुसरा चालत्या हाताचा.
तिसऱ्याची शेवटची रेघ फाटते,
केसांच्या खुणा दिसतात,
रंग संपत आलाय.

परवा ते पुन्हा आले. मी कळ दाखवली.
एका बोटानं दाबायला लागले,
जपून, कुणाच्या दाराची कडी वाजवावी तसं.
एक ळ. वाचलं नाही, नुसतं पाहिलं.
दुसरा.
तिसरा उमटला
आणि त्यांचा उजवा हात, आपोआप,
टेबलाखाली गेला,
डबा चाचपत.